साळवे मॅडमची लाल चौकट

साळवे मॅडम कुठलाही कागद आधी वाचत नसत, उघडा पाडत. फाइल उघडली की त्या एक बटन दाबायच्या आणि लिहिणाऱ्याची सगळी पापं ठिपक्याठिपक्यांनी पडद्यावर उमटायची. किती वेळा एंटर मारून जागा सोडली, कुठं स्पेसबार बडवून शब्द मधोमध आणला, सगळं. चाकणच्या कारखान्यात मी नवा इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा माझ्या पहिल्या अहवालावर त्यांनी एवढंच विचारलं, "स्पेसबार म्हणजे ढकलगाडी आहे का रे, निखिल? शब्द ढकलत कुठवर नेणार होतास?" मजकूर बरोबर आहे की चूक, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चार वर्षं घासून मिळवलेल्या डिग्रीचं असं सार्थक झालं.

कंपनीची कागदपत्रं सांभाळणं हे त्यांचं काम. त्यांनी क्रमांक दिल्याशिवाय कुठलाही कागद अधिकृत होत नसे. प्रत्येक कागद त्यांच्याच टेम्प्लेटमध्ये करायचा. शीर्षक कसं दिसेल, मजकूर कसा दिसेल, धोक्याची सूचना कशी दिसेल, याच्या स्टाइल त्यात एकदाच ठरवलेल्या. आपण फक्त निवडायच्या. धोक्याची सूचना म्हणजे जाड लाल चौकट, पानाच्या वरच्या कोपऱ्यात. ती केसभरही हलवायची सोय नव्हती. कुणी अक्षरं स्वतः ठळक केली, की मॅडम शांतपणे म्हणत, "हाताने रंगवायचंय ना? घरी रांगोळी काढा." पिंपरीहून कंपनीच्या बसने येताना त्या खिडकीतून दुकानांच्या पाट्याही तपासत असाव्यात, अशी आम्हा तरुण विद्वानांची खात्री होती. कँटीनमध्ये त्यांच्या नकला करण्यात मी पटाईत होतो.

मग परदेशी ग्राहकाकडून कारखान्याची तपासणी ठरली. आमच्या साहेबांना साक्षात्कार झाला की पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रत्येक प्रेस मशिनवर टांगलेली कामाची सूचना एका पानात मावली आणि कंपनीच्या नव्या निळ्या रंगात आली, की ग्राहक भारावून जाईल. मॅडम दोन दिवस रजेवर होत्या. साहेब म्हणाले, "निखिल, तू स्मार्ट आहेस." एवढं मला पुरलं. एका प्रेसची सूचना मी टेम्प्लेटमधून उचलून कोऱ्या फाइलमध्ये आणली, अक्षरं बारीक केली, जागा खाणारी ती लाल चौकट काढली आणि आतलं वाक्य सौम्य निळ्यात तळाशी बसवलं. एक शब्दही गाळला नाही. वर जुनाच क्रमांक टाकून नमुना म्हणून मशिनवर लावला. दिसायला लग्नपत्रिकेसारखा देखणा झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्या प्रेसवर कुरुळीचे बबनकाका पहिल्यांदाच उभे राहिले. तुकडा अडकला, त्यांनी तो काढायला हात आत घातला आणि प्रेस खाली आली. हातमोजा आत राहिला, हात कसाबसा बाहेर आला.

मी धावत गेलो आणि वर त्यांनाच झापलं, "काका, आधी मशिन बंद करा असं स्पष्ट लिहिलंय की!"

काकांनी मशिनवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "आमाला कुठं वाचाया येतंय, साहेब? लाल चौकट हाय तर आधी बटन बंद, चौकट नसंल तर हात घालायचा. मॅडमनी हेच शिकवलंय. हितं चौकट न्हाई."

आम्ही ज्याला मॅडमचं खूळ म्हणत होतो, ते या माणसाचं वाचन होतं. मला स्वतःची किळस आली.

साहेब मात्र खंबीर होते. अपघाताच्या अहवालात त्यांनी माझ्याकडून कारण लिहून घेतलं: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. काका कंत्राटी कामगार. असं कारण लागलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद, हे मला ठाऊक होतं. तरी मी निमूटपणे टाइप केलं, कारण माझीही नोकरी अजून पक्की झालेली नव्हती.

मॅडम रजेवरून आल्या, अहवाल उघडला, ते बटन दाबलं. मग साहेबांना म्हणाल्या, "कारण यादीतून निवडायचं असतं. यंत्र, सूचना, प्रशिक्षण, देखभाल. यादीत माणूस नाही."

"मग हाताने टाकलंय ना तिथं! काय फरक पडतो, मॅडम?"

"हाताने टाकलेल्याला मी क्रमांक देत नाही."

"ग्राहकाला आज अहवाल पाठवायचाय!"

"पाठवा की. क्रमांकाशिवाय."

साहेबांचा चेहरा लाल झाला, अगदी ठरलेल्या छटेत. मॅडमनी कोरा टेम्प्लेट उघडला आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "निवड," एवढंच म्हणाल्या. मी 'सूचना' निवडलं. खाली लिहिलं, की लाल चौकट मी काढली. स्पेसबार जपून वापरला.

काकांची नोकरी राहिली. माझी पक्की होणं सहा महिने लांबलं, तेही स्वस्तात सुटलो. मॅडमच्या शिस्तीची कंपनीने योग्य कदर केली आणि त्यांना तळेगावच्या गोदामात पाठवलं, जिथं सांभाळायला खोकी होती, कागद नव्हते. निरोप समारंभ झाला नाही. साहेबांना वेळ नव्हता म्हणे.

शेवटच्या संध्याकाळी मी त्यांची पिशवी घेऊन गेटपर्यंत गेलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस?" बबनकाका शिफ्ट संपवून तिथंच थांबले होते. ते पुढं आले, मॅडमना हात जोडले. मी त्या जोडलेल्या हातांची बोटं मोजली. दहाच्या दहा होती.