चाकणच्या वाटेवर ब्रह्मदेशचं मतदान

रविवारी सकाळी थेरगावहून गाडीला किक मारली, मागे को मिन. ('को' म्हणजे त्यांच्याकडचा दादा.) हा ब्रह्मदेशचा इंजिनिअर आमच्या चाकणच्या कंपनीत ट्रेनिंगला आलेला. त्याला चाकणचा भुईकोट किल्ला दाखवायचं मी कबूल केलं होतं. रोज ज्या रस्त्याला शिव्या घालतो, त्याच रस्त्यानं पर्यटक होऊन जायची मला भारी मौज वाटत होती.

डांगे चौकाजवळ मिसळ खाल्ली. आमच्या महापालिकेचं मतदान होऊन गेलं, तरी हॉटेलवाल्यानं पाटी काढली नव्हती: 'शाईचं बोट दाखवा, जिलबी फुकट.' मी ऐटीत नख पुढं केलं.

"पाव्हण्यांचं बोट?" त्यानं विचारलं.

"त्यांच्या देशात आज मतदान आहे, मालक."

"मग हितं काय करत्यात? धाडा की घरी!" म्हणत त्यानं त्यालाही जिलबी वाढली.

मी खो खो हसलो. को मिननं मात्र हात खिशात घातला. जिलबी तशीच राहिली.

मोशीला कंटेनरांच्या रांगेत अडकलो, तेव्हा तो मोडक्या हिंदीत बोलू लागला. देश लष्कराच्या ताब्यात, आणि ही निवडणूक कित्येकांना निव्वळ देखावा वाटते. गावात आई एकटी. बोटाला शाई दिसली तर बहिष्कारवाले चिडणार, नाही दिसली तर सैनिक जाब विचारणार. सकाळपासून तिचा फोन लागत नव्हता. मघाची माझी ऐट आठवून मला कसंनुसं झालं.

किल्ल्यात तटाच्या सावलीला बसलो. वाळलेलं गवत, थंडगार वारा, पलीकडं वस्तीतली एक गच्ची दोरीवरच्या कपड्यांनी भरलेली. मी इतिहास रंगवून सांगत होतो, त्याचं लक्ष मोबाइलवर. तेवढ्यात फोन वाजला. थोडा वेळ तो नुसताच हं हं करत होता, मग इतक्या मोठ्यानं हसला की फोटो काढणारी मंडळी वळून बघू लागली.

"अमे (आई) ठीक है, भाऊ! उंगली को ये मोटी पट्टी बांधी है. सबको बोलती है, सब्जी काटते कट गया."

"खरंच कापलंय?"

"दर्द तो बिलकुल नहीं!"

मलाही हसू आवरेना. "मग मत दिलं की नाही?"

"मैंने भी पूछा. बोली, तूने खाना खाया क्या?"

परतताना मोशीत पुन्हा अडकलो, पण मागे बसून तो मजेत गाणं गुणगुणत होता आणि मलाही घाई नव्हती. मतदान गुप्त असतं, हे मी शाळेत पाठ केलं होतं. या माउलीनं ते पोटच्या पोरापासूनही गुप्त ठेवलं.