ताराचंदची हनुवटी

मी बटालियनमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. रँक नायक. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. माझ्या हाती बहुतेक वेळ थर्मामीटर आणि सुई. रिटायर होऊन लाखनीला आलो तेव्हापासून शाळावाले मला भाषणाला बोलावतात आणि गोळीबाराची गोष्ट मागतात. माझ्याकडे ती नाही. माझ्याकडे एका दाढेची गोष्ट आहे. सांगून सांगून थकलो, तरी सांगतो.

पोस्टिंग बर्फातली होती. वर चढण्याआधी बेसवर सगळ्यांची तपासणी व्हायची. सकाळी सहाला जवान रांगेत उभे, तोंड उघडून. टॉर्च घेऊन पहिली चाळणी मी करायचो. कोणाची दाढ किडलेली, हिरडी सुजलेली दिसली की त्याला डेंटल ऑफिसरकडे पाठवायचं. बाकीचे पुढे. त्या दिवशी चाळीस जवान होते आणि आठला गाडी सुटणार होती.

रांगेत शेवटून तिसरा सिपाही ताराचंद. आंधळगावचा, वय एकवीस. बाप तलावात जाळं टाकायचा. पोरगा काटक, बोलायला कमी. त्याची हनुवटी नाकाच्या रेषेतून डावीकडे सरकलेली होती आणि डावा गाल भरलेला दिसत होता. आमच्या भंडाऱ्याकडे असा गाल पाहिला की डोक्यात एकच गोष्ट येते: खर्रा. घोटलेली सुपारी-तंबाखू एकाच गालात कोंबून दिवस काढणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो होतो. बटालियनमध्ये ते माझ्याएवढं कोणाला कळणार, अशी माझी घमेंड होती.

"थुंक आधी," मी म्हणालो.

"काय थुंकू, भाऊ? तोंडात काहीच नाही."

"मले शिकवतो काय बे? लाखनीचा आहो मी. गाल सांगून राहिला ना."

"खर्रा सोडून वर्ष झालं, भाऊ. दोन वर्सांपासून थोबाडच तिकडं चाललं. उजवीकडचे दात एकमेकाले लागतच नाही. सारं डावीकडूनच चावतो."

"एकाच गालात ठेवशील तं दुसरं काय होईन? चाल, पुढं हो."

रांग हसली. तोही हसला. मी त्याच्या कार्डावर लिहिलं: खर्रा, समज दिली. घड्याळात सात पन्नास झाले होते.

पुढे एका डेंटल ऑफिसरनं मला समजावलं. वाढीच्या वयात काही पोरापोरींचा खालचा जबडा एका कानाजवळच्या सांध्यात जास्त वाढत राहतो. हनुवटी दुसऱ्या बाजूला ढकलली जाते, दात जुळत नाहीत. मग माणूस जिकडून चावता येतं तिकडूनच चावतो आणि सगळा भार त्याच दाढांवर येतो. वेळेवर दाखवलं तर डॉक्टर वाढीवर लक्ष ठेवतात, आणि गरज पडली तर तारा लावून, ऑपरेशन करून जबडा जाग्यावर आणतात. खर्रा वाईटच, पण हा दोष त्याचा नाही. मला हे ठाऊक नव्हतं, कबूल. पण पोरगा स्वतःच्या तोंडानं सांगत होता, आणि ऐकायला कोणता कोर्स लागतो?

पोस्टवर आम्ही नऊ जण होतो. तिथं शक्करपारेही गोठून दगड होत. बाविसाव्या दिवशी ताराचंदची डावी दाढ तडकली. हे मला चार दिवसांनी कळलं, सकाळी सहा दहाला, जेव्हा त्याला चहाचा घोट गिळता येईना.

तडकलेल्या दाढेतला संसर्ग खाली उतरला होता. हनुवटीखाली सूज, बोटानं दाबली तर पाटीसारखी कडक. अंगात ताप. जीभ वर उचललेली.

"चार दिवस काहून नाही सांगितलं?" मी ओरडलो.

त्यानं लाळ पुसली. शब्द नीट फुटत नव्हते.

"तुमी पुन्हा खर्राच म्हणसान, भाऊ."

मी रेडिओ उचलला. खाली आरएमओ साहेब, आमच्या बटालियनचे डॉक्टर, होते.

"पेशंट निगल सकता है? ओव्हर."

"नहीं सर. लार भी नहीं. ओव्हर."

"बिठा के रखो. लिटाना नहीं. दोनों इंजेक्शन अभी दो. हेलिकॉप्टर माँग रहा हूँ. ओव्हर."

सहा पंचवीसला दोन्ही इंजेक्शनं दिली, एक अँटिबायोटिक, एक सूज उतरवायचं. नऊला ढग पोस्टच्या खाली उतरले. साडेदहाला हेलिकॉप्टर निघालं आणि दरीच्या तोंडातून परत गेलं. पायी खाली न्यायला दोन दिवस लागले असते. मी त्याला पाठीमागून धरून बसवलं होतं. त्याचा श्वास शिटीसारखा वाजत होता. एकला साहेबांनी श्वासाला वाट करायला गळ्याला छेद द्यायला सांगितलं. कुठं, किती, तेही रेडिओवर सांगितलं. मी केलं. रक्त आलं, हवा गेली नाही. एक वाजून बारा मिनिटांनी शिटी थांबली.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. हेलिकॉप्टर सातला आलं.

सुट्टीत आंधळगावला गेलो. त्याच्या मायनं भरतीचा फोटो दाखवला. अठरा वर्षांचा ताराचंद, हनुवटी अगदी सरळ.

"तुमी तं दवाखान्यातले, बाबू," ती म्हणाली. "तुमाले दिसलं नाही काय?"

"दिसलं होतं, माय. मी खर्रा समजलो."

तिनं फोटो पदरानं पुसला.

"मीबी," ती म्हणाली. "सुट्टीत आला तं रोज त्याचे खिसे तपासत होती. एक पुडी नाही सापडली."

मला तिनं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता अड्याळ, मोहाडी, जिथं शाळेत बोलावतील तिथं जातो. खिशात लाकडी चपट्या काड्या असतात. पोरंपोरी रांगेत उभी करतो आणि काडी दातांत आडवी धरायला लावतो. काडी तिरकी झाली किंवा हनुवटी नाकाखालून सरकलेली दिसली, तर आईबापाला बोलावून दंतवैद्याकडे पाठवतो. बाप म्हणतो, "खर्रा खात असन." मग माझं डोकं फिरतं. पण आधी मी पोराला विचारतो, आणि तो काय सांगतो ते पुरतं ऐकतो.

कार्डावर मी लिहिलेलं तसंच आहे. ते आता खोडता येत नाही. म्हणून प्रत्येक शाळेत भाषणाच्या शेवटी उभा राहून सांगतो: सिपाही ताराचंद, वय एकवीस, आंधळगाव. खर्रा खात नव्हता.