पेशी मरते म्हणजे काय

चालताना माझा उजवा हात हलेनासा झाला, हे मला स्वतःला कळलंच नाही. ग्वाल्हेरच्या कोर्टाच्या आवारात मागून येणाऱ्या एका वकिलाने विचारलं, "मॅडम, हाथ में चोट लगी है क्या?" ज्याच्या अशिलांना मी वर्षानुवर्षं रडवलं, त्यानेच माझा आजार आधी ओळखावा, याचा मला आजारापेक्षा जास्त राग आला. पुढे अंगठा थरथरायला लागला, अक्षर मुंगीएवढं झालं आणि डॉक्टरांनी पार्किन्सन असल्याचं सांगितलं. किती वर्षं काम करता येईल, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दवा लीजिए, देखते हैं." साक्षीदाराने असं उत्तर दिलं असतं, तर मी त्याला उभा सोलला असता.

वकिली मी सोडली नाही. कोर्टात जाणं कमी केलं, पण दाना ओली मोहल्ल्यातल्या माझ्या घरी लोक सल्ल्याला येतात. गोळी घेतली की हात ताळ्यावर येतो, तेवढ्या वेळात मी कामं उरकते. कोणी माझ्या बोटांकडे बघत बसलं, तर त्याला कागदाकडे बघायला सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. मला आजार झाला तेव्हा ती शिकत होती, आणि त्यानंतर तिने हाच विषय घेतला. या दिवाळीला ती माझ्याकडे आली. ती करंज्या तळत होती आणि मी स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. मध्येच मी म्हटलं, "डॉक्टरचं मला काही समजमध्ये नाही आलं. तू सांग, माझ्या डोक्यात होतंय काय?"

"मावशी, मेंदूत मधोमध, तळाशी काही पेशी असतात. त्या मरतात."

"पेशी मरते? पेशी कशी मरेल गं? पेशी पुढे ढकलली जाते!"

"ढकलली जाते? कुठे?" तिने झारा हातात धरूनच विचारलं. आमच्या ग्वाल्हेरच्या कोर्टात पेशी म्हणजे सुनावणीची तारीख. हिंदी शाळेत शिकलेली मी, पुण्याच्या पेशीला आमच्याकडे कोशिका म्हणतात हे कळायला मला जरा वेळ लागला. मग आम्ही इतक्या हसलो की घाणा जळला. जळल्याचा वास तिला आला, मला नाही. या आजारात वास हाताच्या आधीच जातो, हेही तिनेच सांगितलं.

मग गॅस बंद करून ती नीट बोलायला बसली. आईच्या पोटातच काही पेशींना आसपासच्या रसायनांचा इशारा मिळतो आणि त्या डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, बनवणाऱ्या होतात. त्या मोजक्याच, पण एकेकीच्या फांद्या हजारो ठिकाणी पोचतात. इतका पसारा सांभाळता सांभाळता त्या थकतात, त्यांच्यात कचरा साठतो आणि त्या एकेक करून मरायला लागतात. उरलेल्या बिचाऱ्या मेलेल्यांचं काम अंगावर घेतात, म्हणून आपल्याला बरीच वर्षं पत्ताच लागत नाही. गेलेल्या आपोआप परत येत नाहीत. पण प्रयोगशाळेत कातडीची साधी पेशी मागे बालपणात नेता येते, आणि तिथून पुन्हा वाढवत डोपामिनवाली करता येते. काही ठिकाणी अशा पेशी रुग्णांच्या मेंदूत सोडूनही पाहिल्या आहेत.

"मग माझ्या डोक्यात कधी सोडणार?"

ती म्हणाली, अजून चाचण्या चालू आहेत, प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि करंजी गार होतेय. उत्तर टाळणारा माणूस मला दारातूनच ओळखू येतो. मी उलटतपासणी घेतली. हो की नाही? माझ्या हयातीत की नंतर? शेवटी तिचे डोळे भरून आले.

"बहुतेक नाही, मावशी. आणि मी ते काम सोडतेय. पुढच्या महिन्यापासून शाळेत शिकवणार आहे. मी हे तुझ्यासाठी घेतलं होतं. तुला वेळेवर मिळणारच नसेल, तर तिथे रोज उभं राहून त्या पेशींना खाऊ घालणं मला जमत नाही."

हात उड्या मारायला लागला, तो मी मांडीखाली दाबला आणि आवाज कोर्टातला काढला.

"माझ्याकडे जमिनीचे दावे आहेत. ज्याने दावा लावला तो म्हातारा केव्हाच मेला. मग मी काय फाइल बंद केली? त्याचे वारस उभे केले आणि लढले. दावा माणसाबरोबर मरत नाही. तू माझ्या एकटीची वकील आहेस काय? ज्याचा हात आज ठणठणीत हलतोय आणि ज्याला काही पत्ताच नाही, तोही तुझाच अशील आहे. शाळेला नाही म्हणून कळव."

"तुला वाईट नाही वाटत?"

"बिलकुल नाही. मला काय, मी माझं निभावून नेते."

ती वाद घालत राहिली, पण तिच्या आईपासून मला वाद घालायची सवय आहे. निघायच्या सकाळी तिने शाळेला नकार कळवला आणि मला वाकून नमस्कार केला. रिक्षा नई सडकेकडे वळेपर्यंत मी दारात ताठ उभी होते.

मग दार लावलं आणि तिथेच खाली बसून मोठ्याने रडले. तिला मी खोटं सांगितलं होतं. मला त्या पेशी माझ्याच डोक्यात हव्या होत्या, आणि अजूनही हव्या आहेत.