चाहत्यांचा निधी आणि व्हर्ना स्कॅग्ज

शाळेच्या ऑफिसातून निवृत्त होऊन व्हर्ना स्कॅग्जला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात लोवेल ग्रबने चाहत्यांच्या निधीचं लोढणं तिच्या गळ्यात अडकवलं. केंटकीतल्या वेनफोर्डमध्ये ग्रबचं गाड्यांचं दुकान सगळ्यात मोठं आणि आवाजही सगळ्यात मोठा. कॉलेजच्या खेळाडूंना आता आपलं नाव आणि चेहरा वापरू दिल्याचे पैसे घेता येतात हे कळल्याबरोबर त्याने गावच्या कॉलेज संघासाठी गावातले फुटबॉलवेडे गोळा केले आणि स्वतः अध्यक्ष होऊन बसला. फोन उचलायला, हॉल ठरवायला आणि रुसलेल्यांची समजूत काढायला मात्र व्हर्ना. तू काय, घरीच तर असतेस, असं वर म्हणाला. त्या वाक्याचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही.

नुसतं दान करायला परवानगी नव्हती. खेळाडूने बदल्यात काहीतरी करायला हवं, म्हणजे कुणाच्या वाढदिवसाला जायचं, दुकानात बसून सह्या द्यायच्या, असलं काहीतरी. शिवाय पैसे देताना ते कोणत्या खेळाडूला द्यायचे हे ज्याचं त्याने निवडायचं. ही अक्कल ग्रबची. आपला माणूस निवडायला मिळाला की लोकांचा हात सैल सुटतो म्हणे. सुटला की, पण एकाच दिशेला. जो तो केड मॅबरीचं नाव घ्यायचा. केड क्वार्टरबॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला संघाचा म्होरक्या. चेंडू तोच फेकतो, टीव्हीवर तोच दिसतो, आणि दात असे की पेस्टच्या जाहिरातीतच शोभावेत. पोरांच्या वाढदिवसाला हा पठ्ठ्या तासभर उशिरा उगवणार, फोनमध्ये तोंड खुपसून बसणार आणि केकला बोटही न लावता निघून जाणार. मग रडवेली पोरं आणि त्यांच्या तणतणणाऱ्या आया व्हर्नाच्या पदरात.

केडच्या पुढ्यात टोबी रेनिक उभा राहायचा. अडुसष्ट नंबर. केडवर चाल करून येणारे समोरच्या संघातले रेडे अंगावर घ्यायचे, एवढंच त्याचं काम. मोसमभर केडच्या पांढऱ्या पँटला माती लागली नाही ती या पोरामुळे. पण टीव्हीवर त्याची दिसते ती पाठ, आणि तीही वाकलेली. पूर्वेकडच्या खाणींच्या डोंगरातून आलेला हा मुलगा. त्याला शिष्यवृत्ती नव्हती. स्वतःच्या खर्चाने शिकणार असशील तर ये, या बोलीवर संघाने त्याला घेतलेलं. सरावानंतर तो गोदामात खोकी उचलायचा. मोसम संपल्यावर एक दिवस तो व्हर्नाच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला, टोपी हातात धरून. निधीत आपल्या नावावर काही आलंय का, असं त्याने विचारलं. फी भरली नाही तर पुढच्या सत्रात घरी परत जावं लागणार होतं. त्याच्या नावावर छदामही आला नव्हता. हे सांगताना व्हर्नालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती तरातरा ग्रबकडे गेली. केडच्या पैशातले थोडे टोबीकडे वळव म्हणाली. ग्रब खुर्चीत मागे रेलला.

"लोकांनी केडचं नाव निवडलंय, मी कसा वळवू? आणि पाठीचे पैसे कोण देतं गं? नाव आणि चेहरा, असं नियमातच लिहिलंय."

ठीक आहे, मग चेहरा दाखवू, असं व्हर्नाने ठरवलं. तिने चर्चचा हॉल घेतला आणि टोबी रेनिकबरोबर पॅनकेकची न्याहारी जाहीर केली. तिकिटाचे पैसे टोबीला. दुकानादुकानात जाऊन तिने पोस्टर लावली. आता त्या पोस्टरवर फोटो कोणता? संघाच्या फोटोग्राफरकडे टोबीचे जेवढे फोटो होते, ते सगळे हेल्मेट घातलेले. व्हर्नाने त्यातलाच एक छापला. हेल्मेटच्या जाळीआड कुणाला काय दिसणार, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. फुटबॉलवर वाढलेल्या गावात हेल्मेट म्हणजेच चेहरा.

शनिवारी टोबी सगळ्यांच्या आधी आला. वाढपी कमी आहेत असं दिसल्यावर त्याने आपणहून ॲप्रन बांधला. जेवायला जायचं तिथे हात लावायचा, ही त्याच्या आईची शिकवण. हॉल भरला. लोक त्याच्याच हातून पॅनकेक घेत होते, त्याच्याकडेच आणखी पाक मागत होते आणि त्यालाच विचारत होते, खेळाडू कधी येणार म्हणून. एका बाईने उष्टी प्लेट त्याच्या हातात दिली आणि एवढा धिप्पाड आहेस तर ते टेबल जरा खिडकीशी सरकव म्हणाली. त्याने सरकवलं. व्हर्नाने हे स्वयंपाकघरातून पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने जाऊन माइक हिसकावला.

"तुम्हाला इतका वेळ कोण वाढतंय, बघा जरा त्याच्याकडे. हाच टोबी रेनिक."

टाळ्या पडल्या, चर्चमध्ये पडतात तशा, बेताच्या. मग मागून कुणीतरी विचारलं, केड येणार आहे का? नाही म्हटल्यावर अर्धा हॉल उठला. पाकाचं भांडं उचलून त्यांच्या डोक्यावर ओतावं असं तिला वाटलं. हॉलचं भाडं आणि सामानाचा खर्च वजा जाता टोबीच्या हातात काही म्हणता काही पडलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. दोन राज्यं पलीकडच्या एका विद्यापीठातून त्याला बोलावणं आलं होतं. तिथल्या लोकांनी त्याचे सगळे सामने बसून बघितले होते. ते फी भरणार होते, वर घरी पाठवता येतील एवढे पैसे देणार होते. तरी त्याचा पाय निघत नव्हता.

"मिस व्हर्ना, माझ्यासाठी इथे धडपडलात त्या तुम्ही एकट्या. तुम्ही म्हणाल तर राहतो."

व्हर्नाला तो इथेच हवा होता. राहा, एवढं म्हटलं असतं तर वेडा राहिलाही असता, आणि पुन्हा खोकी उचलत बसला असता. राहा म्हणावंसं वाटलं, याचाच तिला राग आला.

"जा बाबा. त्यांनी तुला बघून बोलावलंय. इथे मी लोकांना धरधरून बघायला लावत होते."

बातमी फुटली आणि तासाभरात टोबी रेनिक हे नाव वेनफोर्डमधल्या प्रत्येकाच्या तोंडी झालं. गद्दार, कृतघ्न. आम्ही त्याला जेवू घातलं, असंसुद्धा लोक म्हणाले. सोडून जाणाऱ्या खेळाडूची जर्सी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये जाळायची, ही इथली रीत. लोक जमले, रॉकेल आलं, आणि तेव्हा कळलं की अडुसष्ट नंबरची जर्सी कुणाकडेच नाही. ग्रब तणतणत व्हर्नाच्या दारात आला. खेळाडूंच्या जर्सी निधीच छापून विकायचा; त्या कपाटात एखादी तरी असेलच की.

"एकही नाही. आपण कधी छापलीच नाही," व्हर्ना म्हणाली. "जाळायची तर आधी विकत घ्यावी लागते, लोवेल."

 मग आता छापून मिळतील का, असं ग्रबने विचारलं. चीड आलेली माणसं पुष्कळ आहेत, प्रत्येकाला आपापली हवी.

व्हर्नाने पेन उचललं. सत्र संपेपर्यंत टोबी कागदोपत्री इथलाच होता, आणि विकलेल्या प्रत्येक जर्सीतला वाटा ज्याचं नाव पाठीवर त्याला जात होता. हे अध्यक्षांना आठवत नव्हतं. तिनेही आठवण करून दिली नाही.

"मिळतील की," ती म्हणाली. "किती लिहू?"