मंगळावर ताबडतोब निवडणूक घ्यावी

रेडिओ ऐकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण रेडिओशी भांडणारा माणूस अवघ्या खानदेशात एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. फैजपूरजवळच्या त्यांच्या गावात केळीच्या बागा अनेकांच्या होत्या, रेडिओही घरोघरी होते. पण बाकीच्यांकडे रेडिओ बोलायचा आणि माणसं ऐकायची. मामांच्या ओट्यावर दोघंही एकाच वेळी बोलत. बातम्या देणाऱ्या बाईंनी नमस्कार म्हटलं, की मामा टोपी सारखी करून "नमस्कार, ताई" म्हणत. हवामानात 'तुरळक ठिकाणी पाऊस' आला, की ओरडत, "अरे, ठिकानाचं नाव सांग ना! नाव सांगाले काय होते?" आवाज खरखरू लागला, की रेडिओचं तोंड सातपुड्याकडे वळवत, आणि तरी सुधारला नाही तर त्याच्या पाठीत धपाटा घालत. एवढ्यानंही समाधान झालं नाही तर पोस्टकार्ड. एका गायिकेला त्यांनी ताक बंद करण्याचा सल्ला कळवला होता. प्रत्येक कार्डाखाली सही: 'चेअरमन, विकास सोसायटी (बिनविरोध)'.

त्या कंसातल्या शब्दाचा त्यांना फार अभिमान. सोसायटीची निवडणूक आली, की गावची चार जाणती माणसं मारुतीच्या पारावर बसायची, चहा व्हायचा, ज्यांनी अर्ज भरले असतील ते मुकाट्यानं मागे घ्यायचे आणि मामांच्या हातात नारळ यायचा. वीस वर्षं हेच चाललं होतं. "भांडन नाही, तंटा नाही," मामा म्हणायचे. "गावचं मन मले ठाऊक हाये."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मे महिन्याच्या सुटीत मी धुळ्याच्या देवपूरहून सहकुटुंब त्यांच्याकडे गेलो होतो. तेव्हा रविवारी दुपारी रेडिओवर एक क्रमशः नभोनाट्य लागायचं. शंभर वर्षांनंतर मंगळावर माणसांची वसाहत झालीय, अशी काहीतरी कल्पना. त्या दिवशीच्या भागात वसाहतीचा प्रमुख जाहीर करतो की यापुढे मतदान होणार नाही. तुमच्या मनात काय आहे ते आमच्या यंत्राला आधीच कळतं, तेव्हा मीच पुढेही प्रमुख. सगळे टाळ्या वाजवतात. फक्त एक बाई विचारते, "पण मला विचारलं कोणी?" तिला धरून नेतात, आणि भाग संपतो.

ओट्यावर बसलेले शेजारचे रामदासभाऊ म्हणाले, "तठी केयी येत असतीन का हो?" त्यांचा जीव मंगळाच्या जमिनीत केळी पिकेल का, यातच अडकला होता. मामा मात्र लालबुंद. "त्या बाईचं काय चुकलं? इचाऱ्याशिवाय कसा काय प्रमुख होतो हा? जावईबापू, घ्या कार्ड!"

माझं अक्षर बरं, म्हणून कार्डं लिहिण्याचं काम माझ्याकडे असे. मामा फेऱ्या मारत सांगत होते, मी लिहीत होतो. 'मंगळावर ताबडतोब निवडणूक घ्यावी. सदर बाईस सोडून द्यावे. लोकांचे मन ओळखतो म्हणणारा इसम लबाड असतो.' शेवटी रिवाजाप्रमाणे मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, सहीसकट.

बाजूच्या खाटेवर मामी बिबड्या वाळत घालत होत्या. ज्वारीचं पीठ लागलेले हात तसेच ठेवून त्या म्हणाल्या, "तेवढं बिनविरोध खोडा. मंगयावरचे हासतीन."

रामदासभाऊंना एकदम घरी काम आठवलं. मामांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि खिशात घातलं. ते कधीच टपालात पडलं नाही.

दोन महिन्यांनी सोसायटीची निवडणूक लागली. मामांनी पारावर बसायला साफ नकार दिला. "ज्याले उभं राह्याचं त्यानं राह्याचं. कोनी अर्ज मांगे घ्याचा नाही." गावाला वाटलं, मामा रुसले. लोक समजूत काढायला आले, चहा पिऊन परत गेले. शेवटी खरोखरच मतदान झालं, आणि मामा पडले. चेअरमनकी राहिली बाजूला, साधे संचालक म्हणूनही ते निवडून आले नाहीत. बातमी धुळ्याला आली तेव्हा माझी बायको रडली. मी पहिली एसटी धरली. वीस वर्षांचा मान गेलेल्या माणसाशी काय बोलायचं, या विचारानं वाटेत मला घास गोड लागला नाही.

मामा ओट्यावरच होते. मला पाहून उठले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "जावईबापू, एक्केचाळीस!"

मला काही कळेना.

"एक्केचाळीस मतं पडली मले! वीस वर्सांत एक पडलं नव्हतं. कोनी टाकलंच नव्हतं ना." त्यांनी माझ्या तळहातावर मूठ शिक्क्यासारखी दाबली. "एक्केचाळीस मानसायनं माह्या नावावर शिक्का मारला. मन लावून मारला."

ती माणसं कोण, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. कोणीही असू शकेल म्हणून ओट्यासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला, ज्यानं त्यांना पाडलं त्यालासुद्धा, ते पहिल्यापेक्षा दुप्पट प्रेमानं रामराम घालू लागले. पुढची सात-आठ वर्षं, अगदी जाईपर्यंत, ते असेच आनंदात राहिले. मी त्या सोसायटीचा सभासद नव्हतो, याची एरवी मला कशाला खंत वाटावी? पण वाटते. बेचाळिसावं मत माझं झालं असतं, आणि तेही मी त्यांना सांगितलं नसतं.