देवापुढचा दिवा

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण धसईजवळच्या शेतघरातली ती म्हातारी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा मी मुरबाडच्या पोलीस ठाण्यात होतो. एक बाई अर्ज घेऊन आली. नवऱ्याने तिच्यावर घटस्फोटाचा दावा लावला होता आणि ती तो लढत होती. मंगळवारी युक्तिवाद होऊन त्याच दुपारी घटस्फोटाचा हुकूम झाला. काविळीने अंथरुणाला खिळलेला नवरा हुकमानंतर वारला असं सांगून दिराने संध्याकाळीच अग्नी दिला. हिला कळवलंही नाही. वर फोनवर म्हणाला, आता तुझा काय संबंध?

बाईचं म्हणणं, नवरा आधीच गेला होता. हे खरं असेल तर दावा तिथेच संपतो, ती विधवा ठरते आणि नवऱ्याच्या जमिनीत सासूबरोबर तिलाही वाटा मिळतो. संशय आला होता शेजारणीला. रविवारपासून सासू तिला बोलावून आपल्या देवापुढे दिवा लावून घेत होती. अंगात ताप आहे म्हणायची आणि अंगणात बसून तांदूळ पाखडायची.

दिराला ठाण्यात बोलावलं. खरं सांगणारा माणूस मध्येच अडखळतो, आठवून बोलतो. हा पठ्ठ्या कुठेच अडखळला नाही, तिथेच मला वास आला.

त्याच्या म्हाताऱ्या आईकडे मात्र महिला पोलीस घेऊन मीच शेतघरी गेलो. मरणाबद्दल काही विचारलंच नाही. देवाला दिवा शेजारीण का लावते, एवढंच विचारलं.

"सुतकात देवाला हात कसा लावू, साहेब?"

"रविवारी सुतक होतं?"

तिने देवघराकडे पाहिलं.

"पोरगा बोलला, कोर्टाचं होईस्तो रडायचं नाय. मी नाय रडले. पन देवाला कसं फसवू?"

मुरबाडच्या बर्फवाल्याने रविवारी दिराला लाद्या दिल्याचा जबाब दिला. तो समोर ठेवल्यावर दिराने सगळं कबूल केलं. जमिनीपायी सख्ख्या भावाला बर्फात ठेवणाऱ्या त्या माणसाची मला आजही चीड येते.

गुन्हा दाखल झाला. पुढे हुकूमही रद्द झाला. मी शिकलो ते एवढंच, की माणूस पोलिसाला आणि कोर्टाला बिनदिक्कत खोटं सांगतो, पण ज्याची त्याला खरी भीती असते तिथे सांगू शकत नाही. प्रश्न तिथेच विचारावा.

जमिनीत वाटा मिळेल, हे सांगायला मी बाईला बोलावलं. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"भांडत होतो आमी, साहेब, पन ते माझेच होते. दोन दिवस घरात होते ना? तोंड तरी बघू द्यायचं होतं."