उषाच्या सामानाची वाटणी

शाळेच्या सहलीला सिस्टर आम्हाला जोडीनं, हात धरून चालायला लावायच्या. माझी जोडी कायम उषाशी. तिच्या हाताला पेरूचा वास यायचा.

मैत्रिणींनो, काल रझिया, सुनंदा, उषा आणि मी येडशीच्या जंगलाकडेला एका शेतात तंबू ठोकून राहिलो. आज सकाळी जंगलात फिरायला गेलो. नेहमीप्रमाणे उषा पुढं होती, वाटेतली कोळ्यांची जाळी काठीनं बाजूला करत. ओढ्यापाशी ती थांबली.

"कुठं जायचंय गं आपल्याला?"

"ए उषे, लई नाटकं नको, चल," रझिया म्हणाली.

उषा हसली नाही. तिथंच दगडावर बसून तिनं सांगितलं. विसरण्याचा आजार आहे, डॉक्टरांनी दोनदा तपासलंय. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आता माझ्याच्यानं येणं व्हायचं न्हाय. सामान वाटून टाकते. तू ग्रुपवर लिही बाई, मी विसरेन. आणि परत मागायला आले तर कुणी देऊ नका."

म्हणून लिहिते आहे. तंबू सुनंदाला, नातवंडांसाठी. स्टोव्ह रझियाला, कारण चहा तिलाच जमतो. स्लीपिंग बॅग लोहाऱ्याच्या मंगलला. पुढच्या वेळी थंडीची सबब चालणार नाही. काठी मला.

एवढंच माझ्याकडून. तिनं यातलं काहीही परत मागितलं, तर मुकाट्यानं देऊन टाका.